आई-वडिलांच्या घरचे वीजबिल

व्यापारी कुटुंबात हिशेब पाहण्याची सवय बालपणापासूनच लागते. भाडे, हमाली, व्याज, वटाव यांतील रुपयाचा फरकही आपल्या नजरेतून सुटत नाही. मात्र गावी किंवा शेजारच्याच पेठेत राहणाऱ्या आई-वडिलांच्या घरचे वीजबिल आपण शेवटचे केव्हा वाचले, असे कोणी विचारले तर बहुतेकांना आठवणार नाही. बिल भरले जाते, वाचले जात नाही. मुलगा मोबाइलवरून रक्कम भरतो किंवा वडील स्वतः रांगेत उभे राहून भरतात, आणि कागद खिळ्याला अडकवला जातो.

बँकेतून निवृत्त झाल्यानंतर काही ज्येष्ठ परिचित आपली बिले घेऊन माझ्याकडे येऊ लागले. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसली. निवृत्तिवेतनावर किंवा मुदतठेवीच्या व्याजावर जगणारी ही माणसे काटकसर करतात ती नको त्या ठिकाणी. ऐन मे महिन्यात दुपारी पंखा बंद ठेवतात, जिन्यावर अंधारात चाचपडत उतरतात. आणि जेथे खरोखर पैसे वाचू शकतात, तो बिलातला रकाना त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

‘दुसऱ्या कंपनीकडून स्वस्त वीज घेता येईल का?’ हा पहिला प्रश्न असतो. मुंबईची उपनगरे वगळता आपल्या राज्यातील घरगुती ग्राहकाला बहुतेक ठिकाणी तशी निवड नाही. महावितरण हीच पुरवठादार, आणि दर ठरवते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. उपनगरांत मात्र २००९ पासून तारा त्याच ठेवून विक्रेता बदलण्याची सोय आहे. तेथे अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर यांच्यात निवड करता येते. तेथील वाचकांनी आपल्या १२ महिन्यांच्या युनिटांची बेरीज घेऊन दोन्ही कंपन्यांच्या दरपत्रकांवर हिशेब मांडावा. शेजाऱ्याने बदल केला म्हणून आपण करू नये. त्याचा वापर ४०० युनिटांचा आणि आपला ९० चा असेल, तर त्याला लाभाचे तेच आपल्याला तोट्याचे ठरू शकते. विक्रेता बदलला तरी तारा ज्या कंपनीच्या आहेत तिचा वहन आकार द्यावाच लागतो, हेही त्या बेरजेत धरावे. शिवाय आयोगाचा नवा दर-आदेश आला की जुना हिशेब निरुपयोगी होतो.

उर्वरित महाराष्ट्रातील ज्येष्ठांसाठी स्वस्ताईचा मार्ग त्यांच्या बिलातूनच जातो. सर्वप्रथम पाहावे ते ‘फेज’. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठे कुटुंब एकत्र होते, मुलांच्या खोल्यांत एअर कंडिशनर होते, म्हणून थ्री फेज जोडणी घेतली गेली. आज मुले पुण्याला किंवा परदेशी. घरात दोनच जीव, दोन पंखे, फ्रिज आणि दूरदर्शन संच. जोडणी मात्र तीच राहिली. महावितरणच्या गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत घरगुती थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक आहे. महिन्याला सुमारे ३०० रुपयांचा हा फरक, एकही युनिट न वापरता, वर्षानुवर्षे भरला जातो. एका वयोवृद्ध दांपत्याचा वापर महिन्याला ७० युनिटांच्या आसपास होता. त्यांच्या बिलात स्थिर आकार विजेच्या किमतीशी स्पर्धा करीत होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून घरातील एकूण भार तपासावा, कूपनलिकेचा पंप किंवा लिफ्ट थ्री फेजवर चालत नाही ना याची खात्री करावी, आणि मग सिंगल फेजसाठी अर्ज करावा. वडिलांना यात कमीपणा वाटण्याचा संभव असतो. एकेकाळी थ्री फेज ही घराच्या भरभराटीची खूण होती. तेव्हा ही गोष्ट जरा सांभाळून काढावी.

दुसरा विषय टप्प्यांचा. येथे मोठा गैरसमज आहे. महावितरणचे घरगुती दर महिन्याला १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे अशा टप्प्यांत आहेत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो, हे खरे. परंतु वापर १०१ युनिट झाला म्हणजे सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, ही समजूत खोटी आहे. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने आकारली जातात. वरचा दर केवळ त्या एका जादा युनिटाला लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे महिनाअखेरीस मीटरकडे पाहत उकाड्यात बसणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी कागदावर गणित मांडून दाखवतो. जुना पंखा ७५ वॅटचा धरला, तर रात्रीच्या आठ तासांत तो ०.६ युनिट वीज घेतो. वरच्या टप्प्याच्या दरानेही हा खर्च सात-आठ रुपयांपलीकडे जात नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तेवढ्यासाठी रात्रभर घामाघूम होऊन झोप मोडू नये. त्यातून उद्भवणारा एक दवाखाना वर्षभराची बचत गिळतो.

वाचवायचे असेल तर उपकरण बदलून वाचवावे. २८ ते ३५ वॅटवर चालणारे बीएलडीसी पंखे आता सर्वत्र मिळतात. दिवसाला बारा तास चालणारा जुना पंखा महिन्याला २७ युनिटे घेतो, नवा साधारण ११. वापर दुसऱ्या टप्प्यात जात असेल तर ही वाचलेली १६ युनिटे महागड्या दराची असतात, त्यामुळे पंख्याची किंमत लवकर वसूल होते. मात्र वापर मुळातच १०० च्या आत असेल, तर पंखा बिघडेपर्यंत थांबले तरी चालेल. गीझरचे तसेच, २००० वॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट होते. तो सकाळभर चालू राहत असेल तर बिल कोठे वाढते, हे शोधायला लांब जायला नको.

ज्येष्ठ दांपत्ये चार-चार महिने मुलांकडे राहावयास जातात, तेव्हा निराळाच घोळ होतो. घराला कुलूप असल्यामुळे वाचन न मिळता सरासरीने बिल येते, आणि मुलगा ते मुकाट्याने भरून टाकतो. बिलावर मीटरच्या वाचनाचे छायाचित्र व मागील-चालू वाचनाचे आकडे असतात. दोन्ही जुळतात का, हे प्रथम पाहावे. महावितरणच्या ॲपवरून ग्राहकाला स्वतः मीटरवाचन पाठवता येते. निघण्यापूर्वी शेजाऱ्यांना एवढे सांगून ठेवावे.

आपल्या अनेक घरांत वरच्या मजल्यावर निवास आणि ओटीवर लहानसा धंदा असतो. पापड-मसाल्याची विक्री, साडीला फॉल-पिको किंवा करसल्लागाराचे टेबल. अशा वेळी ‘तुम्हाला व्यापारी दर लागेल’ असे कोणीतरी घाबरवतो. घराच्या काही भागात व्यवसाय असला, तरी वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो, अशी तरतूद आयोगाच्या दर-आदेशांत आहे. उलट, वापर त्यापलीकडे गेला असेल तर आपणहून वेगळी जोडणी घ्यावी. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खालील आकारणी वाचलेल्या रकमेहून कितीतरी जड पडते.

ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसले आहे, त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सवलत मिळते. नोकरदार घराला त्याचा फारसा उपयोग नाही, परंतु दिवसभर घरीच असलेल्या निवृत्तांना आहे. कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे त्या वेळेत उरकावीत. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरणाऱ्या घरांना तर त्यासाठी फारसे काही बदलावेही लागणार नाही.

छतावरील सौर संचाबद्दल हल्ली फार विचारणा होते. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० आणि ३ किलोवॅट वा अधिकसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. योजना चांगली आहे. तथापि ‘वीज फुकट’ या दोन शब्दांवर भाळून मुदतठेव मोडणे मला मान्य नाही. तीन किलोवॅटचा संच महिन्याला साधारण ३५० युनिटे देतो. ज्या घरात ३०० युनिटे लागतात तेथे तो महागड्या टप्प्यांची वीज वाचवतो. ज्या घरात ७० युनिटे लागतात तेथे तो सर्वांत स्वस्त टप्प्याची वीज वाचवतो, आणि स्थिर आकार तसाच राहतो. पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी पैसे किती वर्षांत परत येतील, हा प्रश्न विक्रेत्याला नव्हे, स्वतःला विचारावा. सदनिकांच्या सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यावरील दिवे यांसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. मासिक देखभाल खर्च हलका होत असेल तर तो मार्ग ज्येष्ठांना अधिक सोयीचा वाटतो.

लहान सवलतीही सोडू नयेत. महावितरणचे बिल सात दिवसांच्या आत भरले तर एक टक्का सूट मिळते, उशीर झाला तर सव्वा टक्का आकार लागतो. सुरक्षा ठेवीवर दरवर्षी व्याज बिलातच जमा होते. वापर घटला असेल तर जादा ठेव परत वळती व्हावयास हवी. मुलांनी तिची विचारणा करावी.

बिल अजून दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर नावात बदल करून घ्यावा. तोवर ठेवीची रक्कम, फेज बदलण्याचा अर्ज किंवा सौर अनुदान, प्रत्येक ठिकाणी आईला ‘ग्राहकाची सही आणा’ असे ऐकावे लागते. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन मुलांपैकी एकाने हे काम हाती घ्यावे. ज्या मोबाइल क्रमांकावर बिलाचा संदेश येतो, तोही तपासावा. कित्येकदा तो कधीच बंद झालेला असतो.

हा मोबाइलचा भाग महत्त्वाचा आहे, कारण ज्येष्ठांना फसवणारेही वीजबिलाचेच निमित्त करतात. ‘मागील बिल अद्ययावत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर बोला’ असा संदेश येतो. घाबरून फोन केला की एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतात आणि मोबाइलचा पडदा त्यांच्या हाती जातो. पाठोपाठ बचत खाते रिकामे होते. कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच रात्री वीज तोडण्याची भाषा करणारा माणूस वीज कंपनीचा नसतो. पैसे गेलेच, तर ओशाळून घरच्यांपासून लपवू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँक शाखेला कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता असते.