मुरमाचा खड्डा आणि गावाचे गायरान

रस्ते, घरे, तलावांचे बांध या सर्वांस मुरूम लागतो व तो कोणत्या तरी गावच्या माळावरूनच येणार. म्हणून खाणकामास सरसकट विरोध करणे मला उचित वाटत नाही. परंतु मुरूम गेल्यावर जो उघडा खड्डा मागे राहतो, त्याचा विचार आपण वेळीच करीत नाही. पावसाळ्यात त्यात मुले व गुरे बुडण्याचे भय, तर उन्हाळ्यात तेथे गवताची काडीही नाही, अशी स्थिती होते.

यावर वृक्षारोपण हा उपाय सर्वांस सुचतो. माझ्या पाहण्यातील एका गावी अशा खड्ड्यात पावसाळ्यात समारंभपूर्वक रोपे लावली गेली. होळीपर्यंत बहुतेक सर्व वाळली. दोष रोपांचा नव्हता. उघड्या मुरमात सेंद्रिय द्रव्य व नत्र नाममात्र असते, ओल टिकत नाही आणि जड वाहनांनी दडपलेल्या तळात मुळांस वाट मिळत नाही.

माझे स्पष्ट मत असे की, जमिनीची दुरुस्ती खाण संपल्यावर नव्हे, तर पहिली कुदळ पडण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजे. वरचा वीतभर मातीचा थर आधी खरवडून बाजूस रचावा. ढीग फार उंच करू नये. त्यावर ताग पेरावा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. ही माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागलेली असतात. ती मुरमाबरोबर गाडीत भरून देणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय.

खोदाई संपताच उभ्या कडा उतरत्या कराव्यात. उभ्या एका फुटास आडवे तीन फूट असा उतार ठेवावा. तळ खोल नांगरून त्यावर राखलेली माती पसरावी, समपातळीत चर काढावेत आणि पहिल्या पावसाबरोबर स्टायलोचे बी व मारवेल गवताचे ठोंब लावावेत. स्टायलो हे द्विदल असल्याने जमिनीस नत्रही देते. दोन-तीन वर्षे चराई बंद ठेवून गवत कापून न्यावे. त्यानंतर बाभूळ, शिरस, करंज यांसारखी झाडे लावावीत. आधी माती, मग गवत आणि शेवटी झाड, हाच क्रम होय.

खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत वाढविण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र शासनास दिला. तेव्हा ही मागणी करण्यात गावाने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेपुढे खोदाईपूर्वीच मांडावा. स्वतःच्या बरड रानातील मुरूम विकणाऱ्या शेतकरी बंधूंनीही सौदा ठरविताना मातीची राखण व उताराचे काम त्यातच लिहून घ्यावे. मुरमाचा पैसा वर्षभरात संपतो. राखलेले गवत मात्र दरसाल उगवते.