कॅमेरा म्हणजे सामान नाही, तुमचं दुकान आहे



आज लग्नाचं शूटिंग करणाऱ्या, प्रॉडक्ट फोटोग्राफी करणाऱ्या मंडळींशी थोडं स्पष्ट बोलायचंय. एखादा किराणा दुकानदार आपलं अख्खं दुकान अनोळखी माणसाच्या हातात देऊन म्हणेल का, "दोन तासांनी परत द्या"? नाही ना? मग तीन-चार लाखांचा कॅमेरा चेक-इन बॅगेत टाकताना आपण दुसरं काय करतो?

मी शहाणा म्हणून हे सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगच्या शूटिंगसाठी पुण्याहून नागपूरला विमानाने गेलो. हातात जड बॅग नको म्हणून कॅमेरा कपड्यांत गुंडाळला आणि मोठ्या बॅगेत टाकला. नागपूरला उघडून बघतो तर लेन्सचा माउंट वाकलेला! सकाळी सातपासून भाड्याच्या लेन्ससाठी फोन करत फिरलो. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला. नुकसानभरपाई मागितली, तर उत्तर मिळालं, "कॅमेरा चेक-इन बॅगेत ठेवू नये, असं आमच्या नियमांत लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

समजा भरपाई मिळाली, तरी ती किती? देशांतर्गत प्रवासात बॅगेसाठी विमान कंपनीची जबाबदारी साधारण 20 हजार रुपयांपर्यंतच असते. एवढ्यात चांगली लेन्ससुद्धा येत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. कॅमेरा, लेन्स, मेमरी कार्ड आणि बॅटऱ्या कायम आपल्या हातात. ट्रायपॉड, लाइट स्टँड आणि कपडे खाली गेले तरी चालतील.

आता तुम्ही म्हणाल, "सर, केबिनमध्ये 7 किलोच चालतं, माझी बॅग 11 किलोची आहे." बरोबर आहे. पण मग दोघांची टीम असेल तर साहित्य दोन बॅगांत वाटा. एका बॅगेत एक बॉडी आणि एक लेन्स, दुसऱ्या बॅगेतही तसंच. एक बॅग अडकली तरी शूटिंग थांबत नाही. एकटेच असाल तर जास्तीच्या वजनाबद्दल विमान कंपनीशी आधीच बोला, काउंटरवर हुज्जत घालून काही होत नाही.

बॅटरीचा नियम तर पाठच करा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातच न्यायच्या. 100 वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही. 100 ते 160 असेल तर कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. हिशोब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 7.2 व्होल्ट, 2280 एमएएचची बॅटरी म्हणजे 7.2 गुणिले 2.28, जेमतेम 16.4 वॅट-अवर. बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावा आणि त्या वेगळ्या पाउचमध्ये, बॅगेत सगळ्यात वर ठेवा. कारण कधीकधी बोर्डिंगच्या वेळी "वर जागा नाही, बॅग खाली द्या" असं सांगतात. तेव्हा तो पाउच, कार्डं आणि कॅमेरा एका मिनिटात बाहेर काढता आला पाहिजे.

परदेशात शूटिंग असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. नाहीतर परत येताना स्वतःच्याच कॅमेऱ्यावर ड्युटी भरायची वेळ येऊ शकते.

काही जण म्हणतात, "विमा काढलाय, टेन्शन नाही." विमा जरूर काढा, पण प्रवासातलं नुकसान त्यात येतं का, ते विचारा. आणि एक लक्षात ठेवा. विमा लेन्सचे पैसे देईल, पण अक्षता पडल्या तो क्षण परत आणून देणार नाही. कस्टमरने तुमच्यावर विश्वास टाकलाय तो त्या क्षणासाठी.

मग खर्चाचं काय? इथेच आपले लोक चुकतात. जास्तीचं वजन, विमा, एक दिवस आधी पोचण्याचा मुक्काम हे सगळं आपण स्वतःच्या खिशातून भरतो, किंवा मग वाचवायला जातो आणि कॅमेरा खाली टाकतो. अहो, हा तुमचा खर्च नाही, कामाचा खर्च आहे! कोटेशनमध्ये "साहित्य वाहतूक व विमा" अशी वेगळी ओळ टाका आणि ती कशासाठी आहे हे कस्टमरला नीट समजावून सांगा. चार जण कुरकुर करतील, एखादा सोडूनही जाईल. पण राहिलेल्यांना कळेल की हा माणूस आपल्या कामाची काळजी घेतो.

पुढचं बाहेरगावचं काम येईल, तेव्हा तिकिटाआधी हे कोटेशन तयार करा. सुरुवात तिथूनच होते.