रात्रीचा नकाशा

आपल्या नकाशांत जमिनीवर कुणीच झोपत नाही. सहा बाय साडेसहाचा डबल बेड, त्याच्या दोन अंगांना साइड टेबले, हॉलमध्ये एल आकाराचा सोफा आणि चार खुर्च्यांचे डायनिंग टेबल एवढे मांडले की टू बीएचके बसला, असे आपण म्हणतो. त्याच घरात रात्री अकरा वाजता डोकावले तर टीपॉय भिंतीला लागलेला असतो, हॉलमध्ये गाद्या पडलेल्या असतात, आजोबा दिवाणावर आणि नातू खाली झोपलेला असतो, धाकटी आईबापांच्या मध्ये असते. ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ म्हणून विकलेल्या खोलीत इस्त्रीचे टेबल, सायकल आणि गावाहून आल्यापासून न आवरलेली बॅग. हा नकाशा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. आपल्या कार्यालयांतही तो क्वचितच निघतो.

दोन मुले आहेत, किती स्क्वेअर फूट लागेल, असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा आपण बहुधा त्याचे बजेट विचारून मोकळे होतो. आमच्या मते क्षेत्रफळाचा प्रश्न तिसरा आहे. मुलांची वये काय, हा पहिला. घरातली गर्दी दिवसाच्या कोणत्या तासाला होते, हा दुसरा.

वयाचा हिशेब सरकारी पातळीवर उघडपणे केला तो जपानने. तिथल्या गृहनिर्माण धोरणात दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबासाठी किमान क्षेत्रफळाचे एक सूत्र आहे: माणशी 10 चौरस मीटर आणि वर आणखी 10. त्यात मूल म्हणजे एक पूर्ण माणूस धरत नाहीत. तीन वर्षांखालचे मूल पाव, तीन ते सहा अर्धे, सहा ते दहा पाऊण, आणि दहापासून पुढे पूर्ण. आता दोन आणि पाच वर्षांची मुले असलेले चौकोनी कुटुंब घ्या. बेरीज येते पावणेतीन माणसे, म्हणजे साडेसदतीस चौरस मीटर, सुमारे 404 चौरस फूट. आठ वर्षांनी तीच मुले दहा आणि तेराची होतात आणि किमान गरज 50 चौरस मीटरवर, म्हणजे 538 चौरस फुटांवर जाते. कुटुंबात एकही माणूस वाढलेला नाही, जागा मात्र एक तृतीयांशाने जास्त लागते. जपानी मोजणीची पद्धत वेगळी असल्याने हे आकडे आपल्या कार्पेट एरियाला जसेच्या तसे लावू नयेत. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. इंग्लंडच्या 1985 च्या गृहनिर्माण कायद्यातही रेषा दहा वर्षांवरच आहे: त्या वयापुढच्या मुलगा-मुलीला एकाच खोलीत झोपावे लागत असेल, तर ते घर दाटीचे ठरते. आपल्याकडच्या आयांना हे सांगायला कायदा लागत नाही. पाचवी-सहावीच्या सुमारास मुलाची गादी आपोआप हॉलमध्ये येते.

आपले आकडे मात्र कुटुंबाच्या वयाकडे पाहत नाहीत. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर 225 चौरस फुटांवरून 269 वर आणि तिथून 300 वर आले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या 2015 च्या पहिल्या टप्प्यात शहरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी 30 चौरस मीटरपर्यंतची मर्यादा होती. राष्ट्रीय इमारत संहितेतले किमान आकार जोडून पाहा: साडेनऊची एक खोली, साडेसातची दुसरी, पाचचे स्वयंपाकघर, 2.8 चे एकत्र न्हाणीघर-संडास. बेरीज 24.8 चौरस मीटर, म्हणजे 267 चौरस फूट. आतल्या भिंती, चार दारांची उघडझाप आणि हातभर बोळ धरला की तीनशे संपतात. म्हणजे तीनशेच्या घरात आराखडा काढणाऱ्याच्या हाती खेळवायला काहीच उरत नाही. तिथे तुमची-आमची हुशारी चालत नाही आणि चालते असा आव आणू नये. 2011 च्या जनगणनेत देशातली सुमारे 37 टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. त्यांच्यासाठी फोल्डिंग फर्निचर हे उत्तर नव्हे.

छोट्या जागेचे गोडवे गाण्याची एक पद्धत आपल्या व्यवसायात रुजू लागली आहे, म्हणून हे आधीच सांगितले. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. 1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळींत तीन-तीन पिढ्या वाढल्या, शिकल्या. पण त्या खोलीत बाई कपडे कुठे बदलत असे, दहावीचा मुलगा कुठे बसत असे, पाळणा हलत असताना आजारी माणूस कसा झोपत असे, हेही त्याच इतिहासात आहे. डॉ. आंबेडकरांचे मुंबईतले शालेय दिवस परळच्या डबक चाळीत, एका खोलीत गेले. घरात त्यांना भिवा म्हणत. हा भिवा लवकर झोपे आणि घर निजल्यावर, पहाटे दोनच्या सुमाराला, वडील त्याला अभ्यासाला उठवत. जागेची टंचाई वेळेच्या वाटणीने भरून काढायची ही रीत होती, आणि तिची किंमत एका बापाच्या आणि एका मुलाच्या झोपेने मोजली गेली. हे उदाहरण ‘बघा, एका खोलीतही होते’ असे सांगायला वापरणाऱ्यांनी पुढचेही सांगावे: जमले तेव्हा त्याच कुटुंबाने बीआयटी चाळीत दोन खोल्या घेतल्या.

आता दुसरा प्रश्न, तासांचा. मुले असलेल्या घरात खरी कसोटी लागते ती सकाळी सहा ते सव्वासातमध्ये. शाळेची व्हॅन, डबे, ऑफिसची लोकल आणि आजोबांची प्रकृती हे सगळे एका संडासाच्या दारात येऊन थांबते. इथे एक जुनी गोष्ट आपण स्वतःहून घालवली आहे, आणि तिचा हिशेब मांडला तर हसू येईल. संहितेनुसार वेगळे न्हाणीघर किमान 1.8 चौरस मीटर, वेगळा संडास किमान 1.1. बेरीज 2.9. दोन्ही एकत्र केले तर 2.8. एक दशांश चौरस मीटरासाठी, म्हणजे जेमतेम एका चौरस फुटासाठी आणि साडेचार इंचांच्या एका भिंतीसाठी, आपण एका वेळी दोघांची सोय मोडून एकाची केली. बेसिनही त्याच दाराआड गेले. जुन्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतींत संडास वेगळा, मोरी वेगळी आणि तोंड धुवायची जागा बाहेर असे. त्याला मागासलेपण समजून आपण ‘अटॅच्ड’ आणले. चारशे-साडेचारशे फुटांच्या घरात दुसरे एकत्र टॉयलेट कोंबण्यापेक्षा पहिल्याचीच फोड करा आणि बेसिन बोळात काढा. सकाळी दात घासणे, अंघोळ आणि संडास ही तिन्ही कामे तिघांना एकदम उरकता येतील. विक्री विभाग कुरकुर करील, कारण माहितीपत्रकात ‘टू टॉयलेट्स’ लिहिता येत नाही. त्यांना सकाळी साडेसहाची गोष्ट सांगावी.

मुलांच्या खोलीकडे येऊ. बाजारातली ठरीव खोली दहा बाय दहाची. एका भिंतीला दोन फुटांचे कपाट, सहा फूट रुंदीचा बेड, उरले दोन फूट. अभ्यासाचे टेबल दीड-दोन फुटांचे. ते लावले की खुर्ची मागे ओढायला जागा नाही. टेबलावर मग कपड्यांची चळत साचते आणि मूल अभ्यासाला डायनिंग टेबलावर नाहीतर बेडवर जाते. यात मुलाच्या शिस्तीचा दोष काढू नये, मोजमापाचा काढावा. डबल बेडऐवजी बंक बेड हा सोपा उपाय वाटतो, पण पावणेतीन मीटर उंचीच्या खोलीत वरच्या बेडवर मूल उठून बसले की पंख्याची पाती कुठे येतात, ते सेक्शनमध्ये आधी काढून पाहा. छतावरचा पंखा बेडपासून दूर न्या किंवा भिंतीवरचा घ्या.

रेरा आल्यापासून घर कार्पेटवर विकले जाते आणि कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंती कार्पेटमध्येच मोजल्या जातात. साडेसातशे फुटांत थ्री बीएचके बसवण्याची चढाओढ आहे तिथे गिऱ्हाईक भिंतींचे, दारामागच्या मेलेल्या कोपऱ्यांचे आणि तीन दारांपर्यंत नेणाऱ्या बोळाचे पैसे खोलीच्याच भावाने मोजते. त्यापेक्षा दुसरी खोली मोठी ठेवा: बारा बाय साडेचौदा, लांब बाजू बाहेरच्या भिंतीला. मुले लहान असताना ती एकच राहू द्या. खेळणी, गाद्या, आजीची खाट, सगळे मावते. थोरले दहाचे झाले की मध्ये हलकी भिंत किंवा पाठीला पाठ लावलेली कपाटे. चार-पाच इंचांची भिंत धरली तर प्रत्येकी सात फूट रुंदीच्या, साधारण 84 चौरस फुटांच्या दोन खोल्या होतात, आणि दुसऱ्या खोलीसाठी संहितेने मागितलेली 2.1 मीटर रुंदी नि साडेसात चौरस मीटर क्षेत्रफळ दोन्ही साधतात. कपाटे उभी केली तर रुंदी कमी पडते. तिथे दोन खोल्या न दाखवता कपाटे एकाच खोलीतला आडोसा म्हणून दाखवावीत. मुले शिकायला बाहेर पडली की भिंत निघते.

पण हे पुढे जमावे म्हणून आजच काही करावे लागते: दोन खिडक्या, दुसऱ्या दारासाठी आधीच टाकलेले लिंटेल, दोन स्विचबोर्ड, मधोमध एकाऐवजी पंख्याचे दोन हूक. खर्च किरकोळ आहे. दोन्ही अवस्था मंजुरीच्या नकाशातच दाखवता येतात का, हे मात्र पालिकेत आधी विचारून घ्यावे.

वाढणाऱ्या कुटुंबासोबत घराने वाढावे, हा विचार वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये 1980 च्या दशकात करून दाखवला. 45 ते 75 चौरस मीटरचे भूखंड, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, आणि सात घरांना मिळून आठ बाय आठ मीटरचे एक अंगण. आज तिथली बरीच मूळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. काहींना ते अपयश वाटते. आम्हाला वाटत नाही; वाढायची मुभा होती, लोक वाढले. अंगणे मात्र उरली, आणि मुलांच्या बाजूने पाहिले तर त्या सगळ्या योजनेतली सर्वांत उपयोगी जागा तीच.

बीडीडीतून नव्या इमारतींत जाणाऱ्यांना 160 च्या जागी 500 चौरस फूट मिळत आहेत. तिपटीहून जास्त, आणि ते मिळायलाच हवे होते. पण चाळीतली दाराबाहेरची सामायिक जागा त्या तिपटीत धरलेली नाही. चार वर्षांचे पोर स्वयंपाक करता करता नजर ठेवता येईल अशा जागी, घराबाहेर, दुसऱ्या चार पोरांबरोबर खेळत होते, ही सोय फ्लॅटच्या आत कितीही फूट दिले तरी होत नाही. उंच इमारतीत लिफ्टसमोरचा बोळ सहा फुटांचा असतो आणि तिथे ‘खेळू नये’ ही पाटी असते. तोच बोळ दर मजल्यावर एका बाजूला उजेडाचा आणि दहा फुटांचा केला, तर मुलांची गरज जितकी भागेल, तितकी तिसऱ्या बेडरूमने भागणार नाही.

तरीही आकडा द्याच, असे कुणी म्हणेल. मुंबई-पुण्यात आईबाप, दोन मुले आणि वर्षातून चार महिने राहायला येणारे एक आजी किंवा आजोबा, यांना नीट आखलेले साडेपाचशे ते सहाशे फूट कार्पेट पुरते, असे आमचे मत आहे. चारशेच्या खाली मुले दहाची झाल्यावर कुठलाही आराखडा टिकत नाही. नऊशेच्या वर वाढलेले फूट मुलांच्या वाट्याला फारसे येत नाहीत. तिथे सामान राहते. लॉस एंजेलिसच्या 32 मध्यमवर्गीय घरांचा तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बारकाईने अभ्यास केला तेव्हा बहुतेक गॅरेजांत गाडीला जागाच उरली नव्हती. शिवाय इथे जास्तीचे दोनशे फूट म्हणजे बहुतेकदा चार-पाच स्टेशने लांब. मुलाला खोली मिळते आणि बाप रात्री नऊला घरी येतो. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर आपण मांडला नाही तर दुसरे कुणी मांडणार नाही, कारण दलालाची टक्केवारी किमतीवर असते.

पुढच्या अंकापासून या मासिकात घराचा प्रकल्प छापायला देणाऱ्यांनी दिवसाच्या नकाशासोबत त्याच घराचा रात्री अकराचा आणि सकाळी साडेसहाचा नकाशा पाठवायचा आहे. कोण कुठे झोपते, गादी कुठे पडते, दप्तरे कुठे टेकतात, अंघोळीचा नंबर कसा लागतो, एवढे दाखवावे आणि मुलांची वये लिहावीत. नावे नकोत. सॅम्पल फ्लॅटचे फोटो पाठवू नयेत. तिथला बेड साडेपाच फुटांचा असतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.