आधी गाईड, मग सीट

वसमत-कळमनुरीकडे हळदीचं पॉलिश आटोपलं की जुनी डिझेल इंजिनं खोलायला सवड मिळते. त्यात पाच अश्वशक्तीचं किर्लोस्कर एव्ही-१ असतंच. हेड उतरवलं की आपला हात सवयीनं व्हॉल्व्हकडे जातो. व्हॉल्व्ह थोडा उचलायचा, हलवायचा आणि निकाल द्यायचा, ‘गाईड गेलं!’

हा निकाल घाईचा आहे. गाईड ५० मिमी लांब आणि व्हॉल्व्हचं डोकं त्याच्या तोंडापासून २५ मिमी बाहेर असेल, तर आतली ०.०८ मिमीची फट डोक्यापाशी ०.१६ दिसते. शिवाय झीज गाईडची की स्टेमची, हे हाताला कळत नाही. गाईडमध्ये कार्बन राहिला असेल तर उलटंच घडतं, झिजलेलं गाईडही घट्ट वाटतं. म्हणून आधी ब्रश आणि रॉकेल. मग स्टेमला दोन ठिकाणी मायक्रोमीटर लावा: जिथे तो गाईडमध्ये घासतो तिथे आणि जिथे कधीच घासत नाही तिथे. फरक निघेल ती स्टेमची झीज. बोअर गेज नसेल तर नवा व्हॉल्व्ह जुन्या गाईडमध्ये घालून पाहा. प्ले तसाच राहिला तर दोष गाईडचा. रॉकर ज्या दिशेनं ढकलतो त्या दिशेनं आणि तिला काटकोनात, दोन्हीकडे हलवून बघा. गाईड गोल न राहता लंबगोल झिजतं ते बहुधा रॉकरच्या दिशेनंच.

निळ्या धुराचं खापर मात्र लगेच गाईडवर फोडू नका. या इंजिनाला थ्रॉटल नसतो. त्यामुळे पेट्रोल इंजिनासारखी तेल खेचणारी ओढ इनटेकमध्ये तयार होत नाही. रिंग आणि लायनर आधी बघा.

एक्झॉस्ट जास्त तापतो, त्याची फट इनटेकपेक्षा थोडी जास्तच हवी. दोन्हीकडे एकच रीमर फिरवला तर तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकू शकतो. मापं कंपनीच्या पुस्तकातूनच घ्या.

खरं नुकसान होतं ते क्रम चुकल्यानं. सीट कटरचा पायलट गाईडमध्ये बसतो. ढिल्या गाईडवर सीट कापली तर ती मध्य सोडते आणि मग कितीही पेस्ट घासली तरी कंप्रेशन धरत नाही. जुनं गाईड हेडच्या वर किती निघालंय ते मोजूनच काढा, नवं तेवढंच बसवा, रीमर फिरवा आणि त्यानंतरच सीटला हात लावा.

आणि एक विनंती: बिलावर नुसतं ‘हेड काम’ लिहू नका. स्टेम आणि गाईडची मापं लिहून द्या, पुढच्या वेळी हेड उघडणाऱ्याला ती लागतील.