आधी आसरा, मग ओळख



ओवे गावातल्या आमच्या घरी काचेची एक टाकी आहे. लांबी तीन फूट, पाणी सुमारे दीडशे लिटर आणि तेही खारे. पाहुणे आले की आधी टाकीसमोर उभे राहतात आणि मग चहाला बसतात. गेल्या वर्षी याच टाकीत आमच्या हातून एक जीव गेला. तो कसा गेला आणि पुढच्या खेपेला आम्ही काय शिकलो, ते या आठवड्यात सांगायचे आहे. ज्यांच्या घरी टाकी नाही त्यांनीही पान उलटू नये, एवढी विनंती.

मासा होता फायरफिश. बोटाएवढा लांब, पुढून पांढरा आणि शेपटीकडे लालभडक. पाठीवर पांढऱ्या तुऱ्यासारखा लांब पर. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळाच्या उतारावर हा राहतो. बिळाच्या तोंडाशी तरंगत वाहत्या पाण्यातले बारीक जीव टिपतो आणि सावली पडली की क्षणात बिळात शिरतो. थोडक्यात, स्वभावानेच बुजरा. मुंबईतल्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हार्बरच्या गाडीने आम्ही त्याला खारघरला आणले आणि तिथून घरी. घरी पोचताच टाकीचे सगळे दिवे लावले, शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि पिशवी टाकीत रिकामी केली. मुलांनी काचेवर टकटक केली. मासा जो दगडामागे गेला तो दिसेना. त्यात टाकीतला जुना निळा डॅमसेल त्याच्या मागे लागला. आम्ही म्हणालो, "होईल सवय." तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या मागे, फरशीवर, तो वाळून पडलेला सापडला. रात्री घाबरून त्याने उडी मारली होती आणि टाकीला झाकण नव्हते. दोष कुणाला देणार? तो आमचाच होता.

हे सगळे आमची भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. ती त्याच जून महिन्यात हिंगोली जिल्ह्यातून अकरावीसाठी आमच्याकडे आली होती. आलेला प्रत्येक जण तिलाही म्हणायचा, "अगं, बोल ना काहीतरी! लाजतेस काय?" ती आणखी आत जायची.

दिवाळीनंतर दुसरा फायरफिश आणायचे ठरले, तेव्हा तीच पहिल्यांदा आपणहून बोलली, "मामा, तो मासा लाजत नव्हता. त्याला जागा ठाऊक नव्हती, अन् पळायला वाट नव्हती." त्या वाक्यावर आम्ही पुढची सगळी तयारी केली. ती क्रमाने सांगतो.

मासा आणण्याआधी टाकी तयार हवी. नव्या टाकीत पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबावे लागते. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि दगडांत वसायला तेवढा वेळ लागतो. पाणी पनवेलच्या खाडीतून आणण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात त्याची खारटी उतरते आणि त्यात काय काय मिसळलेले असते ते डोळ्यांना दिसत नाही. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचे मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, विरघळवावे. मोजणीच्या उपकरणात 1.025 च्या आसपास आकडा दिसावा आणि तापमान 25 ते 27 अंश राहावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. लपायला दगडांच्या कपारी आणि पीव्हीसी पाइपाचे तुकडे ठेवावेत. आणि झाकण! बारीक जाळीचे, एकही फट न ठेवता बसवलेले. फायरफिशच्या बाबतीत झाकण ही चैन नव्हे, ते जीवदान आहे.

सजावटीसाठी कुणी समुद्रातले जिवंत दगडी प्रवाळ किंवा समुद्रघोडा देऊ केला तर घेऊ नये. 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

नव्या माशाला थेट मोठ्या टाकीत सोडू नये. आधी तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावे. तिथे वाळू नको. लपायला पाइपाचा तुकडा आणि एक साधा फिल्टर पुरे. रोग असेल तर तिथेच कळतो आणि मासाही कुणाच्या त्रासाशिवाय खायला शिकतो. या वेळी आम्ही पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून आणली, म्हणजे ऊन लागत नाही आणि अंधारात मासा शांत राहतो. घरी आल्यावर दिवे बंद केले. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडचे तापमान सारखे होते. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत घेतला आणि दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचे पाणी घातले. अर्ध्या-पाऊण तासात खारटी जुळली. शेवटी मासा भांड्याने उचलून सोडला आणि पिशवीचे पाणी मोरीत ओतले, टाकीत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रवास फार लांबचा असेल, तर हे काम तासन् तास रेंगाळू देऊ नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासामुळे पाण्याची आम्लता वाढलेली असते आणि तोवर अमोनियाचे विष दबलेले असते. पिशवी उघडली की आम्लता उतरते आणि तेच विष बाधू लागते.

तीन आठवडे झाले, मासा खाऊ लागला, आता मोठी टाकी. तिथे निळे महाराज होतेच. डॅमसेल आकाराने लहान, पण सगळी टाकी आपल्या मालकीची समजणारा. आम्ही भोके पाडलेली एक प्लॅस्टिकची टोपली आणली. नव्याला चार दिवस तिच्यात ठेवायचे, म्हणजे एकमेकांना पाहून ओळख होईल, असा बेत. ही रीतही चालते. पण भाची म्हणाली, "नव्याला कशाला कोंडायचं? मारतो तो निळा. त्यालाच बसवा की टोपलीत."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मासे पाळणारे जाणते लोकही असेच करतात, हे आम्ही वाचले होते. पण वेळेला सुचले नाही ते आम्हाला आणि सुचले ते तिला. निळा टोपलीत गेला. तो आत असताना आम्ही सगळे दगड हलवून नव्याने रचले, म्हणजे जुनी हद्द मोडते आणि बाहेर आल्यावर त्यालाही नव्याने सुरुवात करावी लागते. नव्याला रात्री दिवे मालवून सोडले. पाच दिवसांनी निळा बाहेर आला. दोन-तीनदा अंगावर धावला आणि मग आपल्या कोपऱ्यात गेला.

खाणे देताना आधी जुन्या माशांना टाकीच्या एका टोकाला गुंतवावे. मग नव्याच्या कपारीजवळ बारीक आर्टेमिया, गोठवलेला असेल तर वितळवून, चिमूटभर सोडावा. उरलेले काढून टाकावे, नाहीतर पाणी नासते. मासा तीन-चार दिवस लपला, कमी खाल्ले, तर घाबरू नये. पण कल्ले भराभर हलत असतील, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसत असतील किंवा पर फाटलेले असतील, तर ती लाज नव्हे, दुखणे आहे. लगेच वेगळे काढावे. काचेवर टकटक तर कधीच करू नये. माशाच्या अंगावरची रेषा पाण्यातला बारीकसा थरकापही टिपते.

आता पान न उलटलेल्यांसाठी दोन शब्द. आपल्या मुलांबद्दल शाळेत, वसतिगृहात, कचेरीत एक वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत : "ही मुलं मिसळत नाहीत." लपणाऱ्याचा स्वभाव सगळे तपासतात, त्याच्यामागे कोण लागले आहे, ते कुणी पाहत नाही. बाबासाहेबांनी ते पाहिले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 साली स्थापन झाली आणि 1925 च्या जानेवारीत तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. खेड्यातून आलेल्या मुलाला पुस्तकाइतकीच पाठ टेकायला हक्काची जागा लागते, हे त्यामागचे साधे शहाणपण.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व जीवमात्रांसाठी. आमचा फायरफिश समुद्रातून धरून आणलेला आहे, हे आम्ही विसरत नाही. शक्य असेल तिथे बीजोत्पादन केंद्रात जन्मलेले क्लाऊनफिशसारखे मासे घ्यावेत, असे आता आमचे मत झाले आहे. पण जो जीव घरी आणला, त्याची जागा राखणे हे आपले काम. शील फक्त वंदनेच्या वेळी म्हणायचे नसते.

नवव्या दिवशी संध्याकाळी फायरफिश कपारीबाहेर आला आणि पंपाच्या प्रवाहाकडे तोंड करून तरंगत राहिला. भाचीने हाक मारून कुणालाही बोलावले नाही. आम्ही मागून हळूच पाहिले.

भाची बोलकी झाली का, असे कुणी विचारेल. पाहुण्यांसमोर अजून फारशी बोलत नाही. पण आता आमच्या घरी तिला कुणी "बोल ना" म्हणत नाही, आणि म्हणालेच तर तिची मामी त्यांना टाकीसमोर नेऊन उभे करते. खिडकीजवळचे टेबल भाचीचे आहे. तिथे ती अभ्यास करते आणि रात्री टाकीचे झाकण नीट लागले आहे का, ते रोज पाहते.