सुनावणीपूर्वीचा निकाल

सोलापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. आसपासच्या खेड्यांतील आणि सोलापूर शहरातील कामगार तेथे पाळ्यांमध्ये राबतात. गिरण्यांच्या काळात या जिल्ह्यातील कामगार एका दरवाजातून हजारोंच्या संख्येने बाहेर पडत असे, आणि त्या गर्दीतच त्याचे बळ होते. आता तो लहान लहान कारखान्यांत विखुरला आहे. त्यामुळे कामावरून काढलेल्या माणसाला आज संघटनेपेक्षा न्यायालयाचा आधार अधिक वाटतो. हा आधार किती खरा आहे हे केवळ अंतिम निकालपत्रे वाचून कळणार नाही. साक्षीपुराव्याला सुरुवात होण्यापूर्वी न्यायालयात काय घडते, तिकडे पाहावे लागेल.

उदाहरणादाखल असे समजू की, अशा वसाहतीतील एका कारखान्यात पाच-सहा वर्षे यंत्र चालवणाऱ्या कामगाराला एके सकाळी दरवाजावर अडवले जाते. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, हिशेबही नाही. तो तक्रार घेऊन न्यायालयात जातो. त्याचा प्रश्न एकच असतो: मला काढले ते न्याय्य होते काय? पण मालकाची कैफियत या प्रश्नाला हातच घालत नाही. हा इसम कायद्याच्या व्याख्येतील कामगार नसून पर्यवेक्षक आहे, असा एक आक्षेप. तो आमचा नसून ठेकेदाराचा माणूस आहे, हा दुसरा. तक्रार मुदतीत नाही आणि या न्यायालयाला अधिकारच नाही, हा तिसरा. या आक्षेपांचा निर्णय प्राथमिक मुद्दे म्हणून आधी करावा, असा अर्ज लगेच दाखल होतो. न्यायाधीश तो मान्य करतात. येथून पुढे खटला चालतो तो कामगाराच्या कैफियतीवर नव्हे, तर त्याला कैफियत मांडण्याचा अधिकार आहे की नाही यावर. प्राथमिक मुद्द्याचा निर्णय कामगाराच्या बाजूने लागला तरी मालक उच्च न्यायालयात रिट अर्ज करतो, स्थगिती मिळवतो, आणि मूळ प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

कायद्याच्या पंडितांना हा कार्यपद्धतीचा किरकोळ भाग वाटेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र यात वर्गसंबंधांचे सारे मर्म आहे. विलंबाला किंमत असते आणि ती दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही. मालकाच्या लेखी वकिलाची फी हा उत्पादनखर्चातला एक लहानसा आकडा आहे. कामगाराजवळ विकायला श्रमशक्तीखेरीज काही नसते, आणि आजची न विकलेली श्रमशक्ती उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. भांडवल थांबू शकते, पोट थांबू शकत नाही. दोन-तीन वर्षांत हा कामगार दुसरीकडे कमी मजुरीवर लागतो किंवा मिळेल ती रक्कम घेऊन तडजोडीच्या कागदावर सही करतो. दप्तरी नोंद होते ती 'प्रकरण आपसात मिटले' अशी. वस्तुतः निकाल लागलेला असतो, आणि तो एकही साक्षीदार न तपासता लागलेला असतो.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. 1983 साली डी. पी. माहेश्वरी विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्यासमोर जो वाद आला, तो 1969 साली नोकरीवरून दूर केलेल्या माणसाचा होता. चौदा वर्षे उलटल्यावरही चर्चा चालू होती ती तो कायद्याच्या अर्थाने कामगार आहे की नाही, एवढ्याचीच. औद्योगिक न्यायाधिकरणांनी प्राथमिक मुद्दे वेगळे काढून वाद लांबवू नयेत, सर्व मुद्द्यांचा निर्णय एकाच वेळी करावा, आणि उच्च न्यायालयांनीही मधल्या टप्प्यावर कामकाज रोखण्यास सहजासहजी तयार होऊ नये, असे त्या निकालात स्पष्ट बजावले आहे. तेथे सांगितलेले दुखणे चार दशकांनंतरही बरे झालेले नाही.

मात्र प्रत्येक प्राथमिक मुद्दा कामगाराला मारकच असतो, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. कूपर इंजिनिअरिंग प्रकरणात 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाने केलेली खात्यांतर्गत चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून होती की नाही, हा प्रश्न श्रम न्यायालयाने आधी सोडवावा. चौकशी सदोष ठरली तर आरोप नव्याने न्यायालयासमोर सिद्ध करायचा की नाही हे मालकाला लगेच ठरवावे लागते. त्याच निकालाने हेही सांगितले की, या मधल्या निर्णयाला आव्हान देऊन मालकाने पुढचे कामकाज अडवू नये. दोन्ही निकालांचे तात्पर्य एकच आहे. जो मुद्दा वादाच्या गाभ्याकडे नेतो तो आधी घ्यावा. जो गाभ्यापासून दूर नेतो तो इतर मुद्द्यांबरोबरच ऐकावा. हा विवेक करणे हेच सुनावणीपूर्वीच्या टप्प्यावरील न्यायाधीशाचे खरे काम होय.

सर्वात बिकट प्रश्न ठेकेदारीचा आहे. महाराष्ट्राने 1971 साली कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा केला. तो सप्टेंबर 1975 पासून अंमलात आला. शासनाच्या मर्जीवर विसंबून न राहता कामगाराला थेट न्यायालयात जाण्याची वाट त्याने मोकळी केली. तक्रार शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असेही त्यात लिहिले. पण 2001 साली कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. ते नाते आधी अन्यत्र सिद्ध करून यावे. परिणाम असा झाला की, 'हा आमचा माणूस नव्हे' एवढे कैफियतीत लिहिणे हेच मालकाचे मोठे शस्त्र बनले. ज्याला हजेरीचा कागद मुद्दामच दिला जात नाही, त्याच्यावरच कागद दाखवण्याची जबाबदारी येऊन पडते. अशा वेळी मालकाचा नकार खरा आहे की बनावट, हे पाहण्यासाठी हजेरीपट, पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीचे भरणे आणि ठेकेदाराचा परवाना पहिल्या काही तारखांतच हजर करण्याचा हुकूम न्यायाधीशांनी दिला पाहिजे. कागद दडवणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढण्यास कायद्याची आडकाठी नाही.

अंतरिम दिलाशाची गोष्टही हीच. 1971 च्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद करण्यात आली. औद्योगिक न्यायाधिकरण योग्य प्रकरणी अंतरिम निवाडा देऊ शकते, हे तर हॉटेल इम्पीरियल प्रकरणात 1959 सालीच मान्य झाले होते. अधिकार होता आणि आहे. तो वापरताना हात आखडतो. कारखाना चालू राहिला पाहिजे ही काळजी न्यायालयांना जितकी असते, तितकीच चूल पेटती राहिली पाहिजे याचीही असावयास हवी.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. तिच्यात एक सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. वाद न्यायाधिकरणाकडे सोपवायचा की नाही हे ठरवण्याची शासनाची मक्तेदारी संपली. समेट न झाल्यास पक्षकाराला स्वतःच दाद मागता येते. परंतु कामावरून कमी केलेल्या कामगाराला वैयक्तिक वाद नेण्यासाठी पूर्वी तीन वर्षे होती, तेथे आता दोनच आहेत. अठरा हजारांहून अधिक वेतन घेणाऱ्या पर्यवेक्षकाला कामगाराच्या व्याख्येबाहेर ठेवल्यामुळे पदनाम बदलून व्याख्येचा वाद उकरण्याचा मोह कायम राहणार. स्थायी आदेशांचे प्रकरण तीनशेहून कमी कामगारांच्या कारखान्यांना लागू नाही. म्हणजे चौकशीची लेखी शिस्त नेमकी लहान घटकांतून हद्दपार होते, आणि औद्योगिक वसाहतींतील कामगार विखुरला आहे तो याच घटकांत.

तेव्हा चळवळीपुढचे काम दुहेरी आहे. न्यायव्यवस्थेकडे मागणी करावयाची ती अशी: सर्व मुद्दे एकत्र ऐकावेत, कागदपत्रे पहिल्याच टप्प्यात मागवावीत, अंतरिम अर्जाचा निर्णय ठरलेल्या मुदतीत द्यावा, आणि न्यायाधीशांची पदे रिकामी ठेवू नयेत. पण केवळ मागणी करून भागणार नाही. खटल्याचा पुरावा नोकरी गेल्यावर नव्हे, नोकरी चालू असताना गोळा होतो. पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, बँकेतील जमेची नोंद, पाळीचा तक्ता, मुकादमाने मोबाईलवर पाठवलेला निरोप: हे सारे जपून ठेवण्याची सवय कार्यकर्त्यांनी दरवाजावर उभे राहून कामगारांना लावली पाहिजे. काढून टाकल्यावर दोन वर्षांची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी गेली पाहिजे. आणि खटला चालू असेपर्यंत त्या घराला तगवून धरण्यासाठी संघटनेचा निधी उभा राहिला पाहिजे, कारण तडजोडीच्या कागदावरची सही बहुधा उपासमारच करून घेते.

चिंचोळीच्या कामगाराचा दावा कदाचित खरा असेल, कदाचित खोटाही ठरेल. पण तो ऐकून खोटा ठरावा, न ऐकता नव्हे. ज्या दिवशी त्याला पहिल्या तारखेपासूनच त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळू लागेल, त्या दिवशीच कामगार न्यायालय हे नाव सार्थ होईल.