मालढोक कोणत्या विभागाचा?

‘पर्यावरण संवर्धन : एक आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन’ या नावाच्या चर्चासत्रांची कार्यक्रमपत्रिका मी आता न बघता म्हणून दाखवतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, कुंडीतल्या रोपाला पाणी. मग प्राणिशास्त्रवाले पक्ष्यांचे आकडे वाचतात, अर्थशास्त्रवाले शाश्वत विकासाची व्याख्या सांगतात, मराठीवाले अभंगांतली झाडं मोजतात आणि जेवणानंतर कायदेवाले रिकाम्या खुर्च्यांना कलमं ऐकवतात. कुणी कुणाचं ऐकत नाही. आपला पेपर झाला की प्रमाणपत्र काखेत मारून गाडी पकडायची. बढतीच्या फायलीत एक कागद वाढला. पाच विषयांची माणसं एका फ्लेक्सखाली बसवली की झालं, असं असेल तर एसटी स्टँड केव्हाचा विद्यापीठ झाला असता.

या शहाणपणाची किंमत मालढोकाने मोजली. सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव ज्याच्यामुळे पक्षीमित्रांच्या तोंडी बसलं, तो हा पक्षी. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर पट्ट्यात त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं : ८,४९६ चौरस किलोमीटर. गोव्याच्या दुपटीहून मोठं! त्यात गावं आली, बागायत आली, रस्ते आले. पक्षी वाचवायची तळमळ खरी होती, पण त्या रेषेच्या आत माणसं राहतात, जमिनी विकतात, मुलीच्या लग्नासाठी गहाण टाकतात, हे सांगणारा समाजशास्त्रज्ञ त्या टेबलाशी कुणी बसवला होता? व्यवहार अडले, परवानग्या रखडल्या आणि बिचारा मालढोक गावकऱ्यांचा वैरी ठरला. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज नान्नजला मालढोक दिसला तर बातमी होते.

गवताची कथा तर आणखी संतापजनक. माळरान म्हणजे महसुली दप्तरात पडीक. ज्यातून सारा येत नाही ती जमीन वाया गेलेली, हा इंग्रजी अमलाचा हिशेब आपण अजून इमानेइतबारे चालवतो. इतिहासाच्या विभागाला हे ठाऊक असतं, पण वनखात्यात त्याला विचारतो कोण? वनखात्याला झाडं लावायची सवय. म्हणून पवन्या आणि कुसळी जिथे वाऱ्यावर डोलायची, तिथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. मालढोक उघड्यावर राहणारा, लांबवर नजर ठेवणारा पक्षी. एका विणीला बहुधा एकच अंडं, तेही जमिनीवर. त्याच्या घरात आपण हिरवाई म्हणून जंगल कोंबलं आणि वृक्षारोपणाचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवाल पाठवला. चराई बेसुमार झाली तर माळ उजाड होतो, सरसकट बंद केली तर गवत माजतं, झुडपं शिरतात. कोणत्या महिन्यात किती मेंढरं, हे ठरवायला पक्षीवाला आणि धनगर एका बांधावर बसायला हवेत. चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेत धनगर शोधून दाखवा.

बरं, असं काम कुणाला जमतच नाही असंही नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवरचा निबंध मिळून लिहिला तो १९८२ साली. गाडगीळ पुढे रामचंद्र गुहा या इतिहासकाराबरोबर बसले आणि १९९२ मध्ये भारताच्या पर्यावरणाचा इतिहास पुस्तकरूपाने आला. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांबरोबर हिंडले, त्यांचे बिरोबा-खंडोबा त्यांनी समजून घेतले. पण सोन्थायमर ठेवले धर्म-संस्कृतीच्या कपाटात आणि मालढोक प्राणिशास्त्राच्या. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या वेगळ्या शिपायांकडे.

आता तर पक्ष्याच्या वाटेत विजेच्या तारा आल्या आहेत. मालढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतल्या त्याच्या अधिवासात तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला, कारण सौरऊर्जाही पर्यावरणासाठीच हवी. इथे पक्ष्याचा डोळा, केबलचा खर्च आणि कायदा हे तिन्ही एकाच डोक्यात शिरावे लागतात. आमचे विभागप्रमुख मात्र एकमेकांच्या दालनात चहालाही जात नाहीत.

एखाद्या पोरीने उद्या ‘मालढोक, मेंढरं आणि महसुली कायदा’ असा पीएचडीचा विषय आणला, तर तिला आधी विचारतील, शाखा कोणती? अर्जावर रकाना एकच आहे.